ई-रीडर जिवंत आहे? मग त्याची मेमरी अवश्य बदला

आपला ई-रीडर पाच-सहा वर्षे कुरकुर न करता चालत असेल, तर त्याला सुधारणे आपले कर्तव्य आहे आणि आतली मेमरी बदलण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. साध्या मजकुराची कादंबरी एक-दोन एमबीत मावते, आठ जीबीत अशा हजारो बसतात, असे हिशेब अरसिक लोक मांडतील. त्यांना सांगावे की आम्ही जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या, शेकडो एमबीच्या पीडीएफ ठेवणार आहोत. सहा इंचांच्या पडद्यावर त्यांतले अक्षर मुंगीएवढे दिसते, हे नंतर आठवावे.

यंत्र कोणते आहे, याची चौकशी मुळीच करू नये. कोबो कंपनीच्या २०१८ सालच्या क्लारा एचडी या ई-रीडरमध्ये आतली मेमरी म्हणजे चक्क मायक्रोएसडी कार्ड असते. किंडलमध्ये मात्र मेमरीची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. झाकण उघडल्यावर हे कळण्यात जी गंमत आहे, ती आधी कळण्यात नाही.

झाकण जोर लावूनच उघडावे. ई-इंकचा पडदा बहुधा पातळ काचेवर बसवलेला असतो. तो तडकला की निम्मे पान कायमचे गोठते आणि वाचलेले विसरण्याची भीती उरत नाही.

कार्ड सर्वांत स्वस्त घ्यावे.

आता मुख्य विधी. कोबोच्या मूळ कार्डावर केवळ पुस्तके नसतात. त्यावर तीन विभाग असतात, त्यांपैकी दोन लिनक्स या संगणकप्रणालीचे, आणि पहिल्या विभागाच्याही आधी, कोणत्याही फाइलच्या नावाने न दिसणाऱ्या जागेत, यंत्राचा अनुक्रमांक आणि त्याच्या हार्डवेअरची माहिती असते. म्हणून फाइली कॉपी करून भागत नाही. डीडी किंवा विन३२ डिस्क इमेजर अशा प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत घ्यावी लागते. परंतु हे सारे मागासलेले विचार आहेत. आमच्या दुरुस्तीवाल्या तज्ज्ञाने, 'दहा मिनिटांचे काम आहे, काका' असे म्हणत, मूळ कार्ड थेट विंडोजला जोडले. लिनक्सचा विभाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून विंडोजने नेहमीप्रमाणे विचारले, 'फॉरमॅट करायचे का?' तज्ज्ञ 'हो' म्हणाला. दुसऱ्यांदा विचारल्यावरही 'हो' म्हणाला. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा व्हायरस राहू नये म्हणून त्याने सारे कार्ड शून्यांनी भरून काढले आणि मला फोन केला की, 'कार्ड करप्टच होते, पण आता एकदम स्वच्छ आहे.' अनुक्रमांक गेला, चार वर्षांच्या खुणा आणि टिपणे गेली, आणि वर तो मलाच विचारतो, 'बॅकअप असेलच ना?'

अरे, बॅकअप घ्यायचा म्हणूनच कार्ड तुझ्या हाती दिले होते! आठ जीबीची एक फाइल ठेवायला दुकानातल्या संगणकावर जागा नव्हती? पडद्यावर आलेले वाक्य वाचता येत नसेल, तर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. आणि एवढे वाचूनही स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलेल्या शहाण्यांनो, आधी सेटिंग्जमध्ये जाऊन जागा खरोखर संपली आहे का, ते तरी बघा. माझी संपली नव्हती. पावणेतीन जीबी रिकामी होती, आणि मी ती पाहिलीच नव्हती.