60 फूट खालचा साक्षीदार

अमेरिकन हवाई दलाचे निवृत्त अधिकारी रॉबर्ट सालास यांचा दावा आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अधूनमधून नव्याने उगवतो. दावा असा: मार्च 1967 मध्ये मोंटाना राज्यातल्या माल्मस्ट्रॉम तळावर त्यांची ड्यूटी असताना लालसर प्रकाशाची एक उडती तबकडी फाटकाबाहेर येऊन तरंगत राहिली आणि त्यांच्या ताब्यातली अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं एकामागून एक बंद पडली. त्यावर वाद ठरलेला. एक गट म्हणतो, फौजी माणूस, तोही अण्वस्त्रांवरचा, खोटं कशाला बोलेल? दुसरा म्हणतो, पुस्तक खपवायचंय, दुसरं काय! अमेरिकेतून हा वाद वाचताना मला एकच गोष्ट खटकते. दोन्ही गट माणसाचं चारित्र्य तपासत बसतात. त्या रात्री तो माणूस ज्या खोलीत होता तिथून त्याला काय दिसू शकत होतं, हे कोणी विचारत नाही.

ती खोली म्हणजे लाँच कंट्रोल कॅप्सूल. जमिनीखाली सुमारे 60 फूट, काँक्रीट आणि पोलादात बंदिस्त, धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर टांगलेली, खिडकी अर्थातच नाही. आत दोन अधिकारी, 24 तासांची पाळी. वर साध्या घरासारखी दिसणारी इमारत, तिथे पहारेकरी आणि स्वयंपाकी. या कॅप्सूलच्या हाताखाली मिनिटमन जातीची 10 क्षेपणास्त्रं, आणि या दहांच्या गटाला ‘फ्लाइट’ म्हणतात. क्षेपणास्त्रं कॅप्सूलशेजारी नसतात. प्रत्येकाचा सायलो, म्हणजे क्षेपणास्त्र उभं ठेवायची जमिनीतली विहीर, वेगळा, एकमेकांपासून आणि कॅप्सूलपासून काही मैल दूर, शेताकुरणांत विखुरलेला. जमिनीत पुरलेल्या केबलमधून त्यांची खबर कॅप्सूलमध्ये येते. पॅनेलवरचा दिवा बदलतो आणि ध्वनिमुद्रित आवाज बिघाडाचा क्रमांक सांगतो.

म्हणजे सालास यांनी प्रत्यक्ष काय अनुभवलं? पॅनेलवरचे दिवे आणि वरून आलेला पहारेकऱ्याचा फोन. तबकडी त्यांनी पाहिलेली नाही, आणि पाहिली असं ते म्हणतही नाहीत. ‘चक्षुर्वै सत्यम्’ म्हणावं असं त्यात आहे ते दिव्यांपुरतं. बाकीचं ऐकीव. फॉरवर्ड होता होता मात्र ‘अधिकाऱ्याने पाहिलं’ असं होऊन जातं.

क्षेपणास्त्रं बंद पडणं ही थाप नाही, हे शंकेखोर गटाने मान्य करायला हवं. 16 मार्च 1967 च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास माल्मस्ट्रॉमच्या ‘एको’ फ्लाइटची दहाच्या दहा क्षेपणास्त्रं काही सेकंदांत ‘नो-गो’ झाली. नो-गो म्हणजे स्फोट नव्हे, नासधूसही नव्हे. मिनिटमनच्या मार्गदर्शक यंत्रणेतले, दिशा राखणारे जायरोस्कोप सायलोत बसल्या जागी अखंड फिरत असतात आणि संगणक स्वतःचीच तपासणी करत राहतो. तपासणीत खोट निघाली की यंत्रणा स्वतःला सज्जतेतून बाहेर काढते. मग पथकाला गाडी घेऊन त्या सायलोवर जावं लागतं, पहाऱ्याच्या सगळ्या पायऱ्या पार करून आत उतरावं लागतं आणि यंत्रणा पुन्हा जुळवावी लागते. एका सायलोत हे घडणं नित्याचं. दहा सायलोंत एकदम घडल्यावर वरच्या मुख्यालयाची तार आली, तिचा मथितार्थ असा की कारण सापडत नाही ही आमच्या दृष्टीने गंभीर चिंतेची बाब आहे.

पुढचा तपास कंटाळवाणा आहे, पण खरी माहिती तिथेच आहे. क्षेपणास्त्रांची निर्माती बोईंग कंपनी प्रयोगशाळेत तोच बिघाड घडवून पाहत होती. मार्गदर्शक यंत्रणेत ‘लॉजिक कपलर’ नावाचा भाग असतो, बाहेरच्या केबलवरून येणारे संदेश तो आत घेतो. त्याच्या तारेवर साधारण 10 व्होल्टचा क्षणिक विद्युत स्पंद सोडला, तर कागदावर नोंदलेला बिघाड तसाच उमटत होता. यंत्रणा कशी बंद पडली असेल ते कळलं. तो स्पंद मोंटानात त्या सकाळी आला कुठून, हे मात्र कधीच सापडलं नाही. गेली कित्येक वर्षं तबकडीवाले याच फटीत राहतात.

तळाच्या त्या तिमाहीच्या अधिकृत इतिहासात एक वाक्य आहे: एको फ्लाइटच्या परिसरात तबकड्या दिसल्याच्या अफवा खोट्या ठरल्या. शंकेखोरांना हे वाक्य फार प्रिय. त्याच्या पुढचं वाक्य कमी लोक वाचतात. चौकशी केली ती त्या सकाळी ‘नोव्हेंबर’ फ्लाइटची ठिकाणं तपासणाऱ्या गस्ती पथकाकडे. नोव्हेंबर म्हणजे दुसरीच फ्लाइट. एकोच्या अफवेबद्दल दुसरीकडच्या गस्तीला विचारून फाइल बंद करणं ही सरकारी रीत आपल्या ओळखीची आहे. ती अमेरिकेतही होती एवढंच.

पण सालास तर एकोमध्ये नव्हतेच. 1990च्या दशकात हे कागद खुले झाले, तेव्हा त्यांनी आधी आपण एकोत होतो असं सांगितलं, मग नोव्हेंबरमध्ये, शेवटी ‘ऑस्कर’मध्ये. तारीख 24 मार्चवर आली. हाती आलेल्या कागदांत दहा क्षेपणास्त्रं गेल्याची नोंद एकोची आहे, ऑस्करची नाही. त्यांच्यासोबत ड्यूटीवर असलेल्या कमांडरनेही काही क्षेपणास्त्रं गेल्याचं आणि तबकडीचं बोलणं झाल्याचं आठवतं असं सांगितलं. मात्र त्यांच्या आठवणीत ती तबकडी पाहिली दूरच्या सायलोकडे निघालेल्या गस्ती पथकाने, फाटकावरच्या पहारेकऱ्याने नव्हे. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. जवळपास 30 वर्षांनी कागद समोर आला की आठवण त्या कागदाच्या मापाने शिवली जाते. न्यायालयात साक्षी घेणाऱ्या कुठल्याही वकिलाला हे ठाऊक असतं.

‘अण्वस्त्रांवरचा अधिकारी खोटं बोलणार नाही’ या मताबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. अशा माणसांची मानसिक आणि वर्तणुकीची सतत तपासणी होते, त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, हे खरं. पण ती आज याच्या हाती किल्ली द्यावी की नाही एवढंच ठरवते. तीन दशकांनंतरच्या आठवणींची हमी घेत नाही. आणि याच माल्मस्ट्रॉम तळावर 2014 मध्ये पेपरफुटी उघडकीला आली. क्षेपणास्त्र अधिकाऱ्यांच्या मासिक परीक्षेची उत्तरं मोबाइलवरून फिरत होती. प्रकरणात 92 अधिकाऱ्यांची नावं आली आणि वरच्या नऊ जणांना पदावरून दूर केलं गेलं. गणवेशातली माणसंही माणसंच असतात.

दुसरा गैरसमज 26 जुलै 2023 च्या अमेरिकन काँग्रेससमोरच्या, म्हणजे तिथल्या संसदेसमोरच्या, सुनावणीने पसरला. माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी अमेरिकेकडे परग्रहावरच्या यानांचे अवशेष असल्याचा दावा केला. ‘पेंटागॉनने त्यांना बोलायची परवानगी दिली, म्हणजे खरंच असणार’ हा तर्क मराठीत मी कितीदा तरी वाचला. इथे अमेरिकेत माजी अधिकाऱ्याला काही छापायचं वा जाहीर बोलायचं तर संरक्षण खात्याच्या प्रकाशनपूर्व तपासणी कार्यालयाकडून मजकूर पाहून घ्यावा लागतो. ते कार्यालय एवढंच पाहतं की यात गोपनीय काही नाही ना. मजकूर खरा की खोटा, हे त्यांचं कामच नाही. उलट कोणी म्हणू शकेल की मंजुरी मिळाली म्हणजे त्यात दडवण्याजोगं काही नव्हतं.

पेंटागॉननेच अशा अनोळखी वस्तूंच्या तपासासाठी 2022 मध्ये नेमलेल्या ‘आरो’ या कार्यालयाने मार्च 2024 च्या ऐतिहासिक अहवालात परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नाही असं लिहिलं. मग जून 2025 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली: सालास यांच्या घटनेमागे हवाई दलाचीच एक गुप्त चाचणी होती, अणुस्फोटातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय स्पंदाची नक्कल करणारं यंत्र वापरलं गेलं, आणि ड्यूटीवरच्या लोकांना ते कधी सांगितलं नाही. 10 व्होल्टच्या स्पंदाशी हे छान जुळतं. मला ते जरा जास्तच छान जुळतं असं वाटतं. शीतयुद्धाच्या ऐन भरात, सज्ज क्षेपणास्त्रांवर, खाली बसलेल्या माणसांना अंधारात ठेवून अशी चाचणी करायची, तर तिचे कागद कुठेतरी असणार. ते समोर येईपर्यंत ही बातमीही दाव्याच्याच खात्यात जमा. आणि ती खरी निघाली, तर तबकडीच्या दंतकथेला खतपाणी घालणारे सरकारच होते असं म्हणावं लागेल.

अशा बिघाडाला तबकडी लागत नाही, याचं अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्याच वायोमिंग राज्याचं. ऑक्टोबर 2010 मध्ये वॉरन तळाच्या 50 क्षेपणास्त्रांशी पाऊण तासाच्या आसपास संपर्क तुटला. कारण निघालं एक सर्किट कार्ड, नीट न बसवलेलं. अफवा तेव्हाही उठल्या. पण कारण लवकर जाहीर झालं आणि त्या फार टिकल्या नाहीत.

आता घरचं. लडाखमध्ये ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात आपल्या जवानांनी आकाशात अनोळखी प्रकाश दिसल्याच्या 329 नोंदी केल्या, त्यांपैकी 155 मध्ये तो सीमा ओलांडून आल्याचं म्हटलं होतं. चिनी ड्रोन असल्याची शंका. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी उलगडा केला: गुरू आणि शुक्र. जवानांची थट्टा झाली, ती मला पटली नाही. त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून तर ताऱ्यांच्या तुलनेत त्या प्रकाशाची हालचाल ताडून पाहता आली. सालास यांच्याकडे नेमकी हीच वही नाही.

ब्रह्मोसचं उदाहरण जास्त टोचणारं. 9 मार्च 2022 रोजी आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने पत्रकार परिषद घेतली, त्यानंतर 11 तारखेला आपण कबुली दिली, कारण सांगितलं तांत्रिक बिघाड. ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले, तेव्हा ते कार्यपद्धतीचं उल्लंघन ठरलं. क्षेपणास्त्रांचे कॉम्बॅट कनेक्टर जंक्शन बॉक्सला जोडलेलेच राहिले होते, हा एका ओळीचा पण लाखमोलाचा तपशील आपल्याला कळला तो दिल्ली उच्च न्यायालयात सरकारला उत्तर द्यावं लागलं म्हणून. क्षेपणास्त्र आपल्याच हद्दीत एखाद्या माळावर पडलं असतं तर? गावकऱ्यांनी ‘आकाशातून काहीतरी आलं’ म्हटलं असतं, वाहिन्यांनी परग्रहवासी आणले असते आणि 20 वर्षांनी कुणा निवृत्त माणसाने धूसर आठवण सांगितली असती. ती पडताळायला कागद मिळाला असता का?

1962 च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल 1963 चा. सरकारने तो अजून खुला केलेला नाही. जनरल मनोज नरवणे यांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीपायी अडकलं, तेव्हा पुण्या-मुंबईत चर्चा रंगली ती ‘माजी लष्करप्रमुखांनी बोलावं की नाही’ यावर. तपासणीला मुदत किती आणि नकार मिळाला तर दाद कुठे मागायची, हे प्रश्न बाजूलाच राहिले. अमेरिकेतली व्यवस्थाही आदर्श नाही. 1967 चे कागद मिळायला तीसेक वर्षं गेली आणि तेही माहितीच्या कायद्याखाली चिकाटीने अर्ज करणारे नागरिक होते म्हणून. पण अर्ज केल्यावर काळ्या पट्ट्या मारलेला का होईना, कागद मिळाला.

संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये धोरण जाहीर केलं की नोंदी साधारणपणे 25 वर्षांनी खुल्या व्हाव्यात. त्या हिशेबाने मियाँ चन्नूची चौकशी 2047 मध्ये वाचायला मिळायला हवी. तोवर निवृत्त अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्यांनी एवढं करावं: आधी तारीख, जागा आणि त्या वेळी ते नेमके कुठे बसले होते ते विचारावं, स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळ्या पानांवर लिहावं, आणि जुनी कात्रणं त्यांना शेवटी दाखवावीत, आधी नव्हे.