चुरचुरणं म्हणजे गुण येणं नव्हे

साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चेहरा चुरचुरतो, आणि पोरी खुशीत सांगतात, "म्हणजे काम करतंय!" अगं बायांनो, काही काम करत नाहीये. कातडी सोलवटलीय.

आमच्या भाचीचे गाल हल्ली चकाकत होते, पण ताणून बसवलेल्या प्लॅस्टिकसारखे. हनुवटीवर बारीक पुरळ, नाकपुड्यांशी सालं निघालेली, गार पाण्यानेही आग. "पण मावशी, स्क्रब तर मी आठवड्यातून एकदाच करते!" मग बाटल्यांची लेबलं वाचली. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक ॲसिड, टोनरमध्ये ग्लायकोलिक, रात्रीच्या सीरममध्ये रेटिनॉल. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सोलणं चालूच, स्क्रब वरकड.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, म्हणून आपण तो कचऱ्यात काढतो. पण कागदाहून पातळ असलेल्या त्या थरातले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरे स्निग्ध पदार्थच आतलं पाणी धरून ठेवतात. नवी पेशी तळातून वर यायला साधारण ४ आठवडे लागतात, आणि आपल्याला ग्लो हवा रविवारच्या लग्नात!

त्यात आपली गव्हाळ-सावळी कातडी. दाह झाला की मागे काळे डाग राहतात. ते घालवायला पुन्हा ॲसिड, पुन्हा दाह, आणखी डाग. कंपन्यांचं काय, डागांचंही सीरम तयार असतं.

उपाय अगदीच नीरस आहे. सगळं बंद. रात्री एकदा सौम्य फेसवॉश, ओलसर चेहऱ्यावर बिनवासाचं सिरॅमाइड किंवा ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर, सालं निघतात तिथे पेट्रोलियम जेलीचं बोट, दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. कातडी थोडीच सोलवटली असेल तर एक-दोन आठवडे, जास्त असेल तर महिनाभरही धीर धरायचा. लिंबू, बेकिंग सोडा लांब ठेवा. उटणं दिवाळीला छान, पण आत्ता नको. आणि मेडिकलवाल्याने सुचवलेली स्टेरॉइडची ट्यूब तर मुळीच नको: दोन दिवस बरं वाटतं, पण लावत राहिलात तर कातडी आणखी पातळ होते. सूज आली किंवा पाणी सुटलं तर सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

बरं झाल्यावर ॲसिड हवंच असेल तर एकच, तेही आठवड्यातून एका रात्री. आणि पार्लरमध्ये "ताई, डी-टॅन पण करून टाकू का?" असं विचारलं, की आयब्रोचे पैसे द्या आणि निघा.