स्टिरॉइड आणि गंभीर कोविड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आयसीयूत ज्यांना स्टिरॉइड दिलं त्यातलेच जास्त गेले, स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, आणि मी ज्या रिकव्हरी ट्रायलचं (पेशंटवर औषध तपासून बघणाऱ्या अभ्यासाचं) एवढं कौतुक केलं त्यात फरक जेमतेम तीन टक्क्यांचा आहे. तुमच्या मामांबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. त्यांच्या बाबतीत काय बरोबर-चूक झालं ते केसपेपर न बघता मी बोलणार नाही, पण बाकीच्या मुद्द्यांवर बोलायलाच हवं.

स्टिरॉइडवाले जास्त गेले हे वॉर्डात दिसतंच हो, पण दिलं कुणाला जातं? ज्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, घसरतंय, ज्याला वाक्य पूर्ण बोलता येत नाही, त्यालाच ना? मग तो गेला तर औषधाने गेला की आजाराने हे नुसती डोकी मोजून कसं कळणार! म्हणून तर ब्रिटनमधल्या त्या रिकव्हरी ट्रायलमध्ये २०२० साली डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड कुणाला द्यायचं ते डॉक्टरांनी नाही, कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २१०४ जणांना रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि ४३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार.

आता ते तीन टक्के. २८ दिवसांत मृत्यू २५.७ टक्क्यांवरून २२.९ वर आले, बरोबर, पण ही सगळ्यांची मिळून सरासरी आहे आणि खरी गोष्ट तिच्या पोटात आहे. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये ४१.४ चे २९.३ झाले, म्हणजे साधारण आठ जणांना दिलं की एक जादा माणूस वाचला, आणि तेही इतक्या जुन्या, स्वस्त औषधाने! नुसत्या ऑक्सिजनवर होते त्यांच्यात २६.२ चे २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? १४ टक्के विरुद्ध १७.८, स्टिरॉइडवाले जास्त. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की.

इथे तुमचा प्रतिकारशक्तीचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पहिल्या काही दिवसांत व्हायरस वाढत असतो, तेव्हा ती दाबून चालत नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र बऱ्याच जणांत तीच प्रतिकारशक्ती चवताळून फुफ्फुसांना सूज आणते, तेव्हा दाबावीच लागते. म्हणून सॅच्युरेशन ९७ असताना, नुसत्या तापावर, घरच्या घरी डेक्सा सुरू करणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे, शुगर भडकते, बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं, आणि मिळत काहीच नाही.

डोस वाढवूनही भलं होत नाही. याच ट्रायलमध्ये पुढे साध्या ऑक्सिजनवरच्या किंवा ऑक्सिजन न लागणाऱ्या पेशंटना आधी २० आणि मग १० मिलिग्रॅम देऊन बघितलं, तर मृत्यू १२ टक्क्यांवरून १९ वर गेले.

मामांचा केसपेपर हाताशी असेल तर ऑक्सिजन कधी लागला, स्टिरॉइड कधी सुरू झालं आणि डोस किती होता एवढं बघा, आणि ते घेऊन तुमच्या विश्वासातल्या डॉक्टरांशी एकदा सविस्तर बोला.