बेंच जवळ आलं, तारीख तिथंच

सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर काल भडंगाची पुडी सुटायच्या आधीच वादाला तोंड फुटलं. निमित्त अण्णांची प्लॅस्टिकची पिशवी. आत सातबारे, फेरफाराच्या नकला, नोटिसा, सगळे घडीवर चिरलेले. थोरल्या बहिणीचा वाटपाचा दावा, समोर धाकटा भाऊ. यंदा चौदावं वर्ष. काल पुन्हा तारीख पडली.

"आता कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच झालंय की," पम्या म्हणाला. खरंय, 18 ऑगस्ट 2025 पासून सांगली-साताऱ्यासह सहा जिल्ह्यांची हायकोर्टातली कामं तिथं चालतात. त्यासाठी वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली. रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची कटकट गेली.

"लेका, हायकोर्टात जायला इथला निकाल तर लागू दे!" अण्णा.

कट्ट्यावरचे वकीलसाहेब गालात हसले. "अण्णा, उलटंच होईल. मधल्या एखाद्या हुकमावर तुमचा भाऊ वर जाऊन स्थगिती मागेल. आता तर पन्नास किलोमीटरवरच आहे."

यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

मग मास्तरांनी 1987 चा विधी सेवा कायदा काढला. बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, अर्ज कोर्टातल्याच विधी सेवा प्राधिकरणात करायचा. "फुकटचा वकील फुकटासारखंच लढणार," पम्या लगेच. मला हे पटत नाही. दर तारखेला पैसे मोजून यांच्या दाव्याचं काय झालं? पण लोकांच्या डोक्यात हे इतकं घट्ट बसलंय, की अण्णांच्या बहिणीनं त्या दारात पाऊलही टाकलं नाही.

"मग लोकअदालत? तडजोड झाली की कोर्ट फी परत, वर अपील नाही."

"तडजोडीला समोरचा बसायला पाहिजे की, मास्तर! जमीन तो कसतोय. तारीख पडली की त्याचा उसाचा आणखी एक हंगाम निघतो. तो कशाला बसतोय?" अण्णा.

माझ्या मते सगळ्या चर्चेतलं खरं बोलणं एवढंच. ज्याच्या ताब्यात रान, त्याला उशीर हाच निकाल. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले, ते फौजदारीचे. दिवाणी अजून 1908 च्याच संहितेवर चालतं, आणि सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, हे त्याच संहितेत लिहिलंय, असं वकीलसाहेबांनी सांगितलं.

"किती म्हणालात? तीन?"

अण्णांनी खिशातून मोबाईल काढला. पोरानं त्यात ई-कोर्टचं अॅप टाकून दिलंय. दाव्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर घातला की दाव्याच्या तारखा खाली उतरत जातात. अण्णा अंगठ्यानं यादी वर सरकवत राहिले, पम्या मोजत राहिला. एकोणचाळीसवर त्याचा हिशेब चुकला.

"पहिल्यापासनं मोज," अण्णा म्हणाले, आणि भडंगाची पुडी एकदाची सोडली.