मिठाची गोणी नको, आधी श्वास द्या

पावसाळ्यात विहिरी-शेततळी भरली की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. बुडालेला माणूस तीन-चार तासांत सापडला तर दीड क्विंटल मीठ पसरा, त्यावर उघड्या अंगाने झोपवा. मीठ पाणी ओढून घेतं आणि माणूस उठतो. २०२२ साली कर्नाटकात बळ्ळारीकडच्या एका गावात मुलाला असंच मिठात ठेवलं होतं. मूल उठलं नाही.

"मीठ पाणी ओढतं." ओढतं ना, कैरीच्या फोडींमधून! अख्ख्या कैरीला मीठ चोळून बघा. आपली कातडी सालीसारखीच पाणी अडवते, आणि फुप्फुसं तर बरगड्यांच्या आत.

"पाणी निघालं की जीव येतो." खरा घोटाळा इथेच आहे. बुडणारा मरतो तो प्राणवायू न मिळाल्याने. फुप्फुसात पाणी बहुधा थोडंच जातं, आणि गोडं पाणी तर तिथून रक्तात शोषलंही जातं. म्हणून पोट दाबणं, उलटं टांगणं, मडक्यावर पालथं घालणं, हेही सोडा. वेळ जातो तो जातोच, वर पोटातलं उलटून श्वासनलिकेत शिरतं.

"तीन-चार तास चालतात." हवेवाचून चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखाली ८० मिनिटं अडकलेली आन्ना बोगेनहोल्म वाचली, पण तिचं शरीर गोठून १३.७ अंशांवर आलं होतं आणि तिला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतलं होतं. आपल्या विहिरीत तो गारठा कुठला?

"अमक्या गावात उठला होता." बेशुद्ध असेल, श्वास चालू असेल. तो मिठाविनाही उठला असता.

मग करायचं काय? पोहता येत नसेल तर उडी घेऊ नका. दोर, साडी, बांबू, जे हाताला लागेल ते टाका. बाहेर काढल्यावर एकाने १०८ लावावा. दुसऱ्याने त्याला उताणं झोपवून मान मागे, हनुवटी वर करावी. श्वास नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर हात बदला.

आणि उठून बसला, "बरं वाटतंय" म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसाला सूज काही तासांनीही चढते.