वावटळीचे पुनर्वसन

निवृत्तीनंतर माणसाने तीर्थयात्रा कराव्यात, नातवंडांना पाढे शिकवावेत आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, एवढीच माफक अपेक्षा समाज बाळगून असतो. यांतली तिसरी गोष्ट मी मनापासून करत असल्यामुळे, तरुणपणी माझ्याकडे असलेली 1970 सालची प्लिमथ डस्टर ही अमेरिकन मोटार पुन्हा जशीच्या तशी उभी करून तिला पाव मैलाच्या शर्यतीत उतरवण्याचा बेत मी जाहीर केला, तेव्हा गोळ्यांचा परिणाम म्हणून घरच्यांनी तो सोडून दिला.

ड्रॅग रेसिंग हा खेळ समजायला अतिशय सोपा आहे. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि 402 मीटरची सरळ पट्टी जो आधी पार करेल तो जिंकतो. वळण नाही, चढ नाही, मध्ये चहाला थांबणे नाही. माझ्या हाती अशी मोटार लागली ती मात्र तेलटंचाईमुळे, अमेरिकेत शिकत असताना. 1973 च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले आणि अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दणकट इंजिनांच्या मोटारींचे विम्याचे हप्ते तर त्याआधीच आवाक्याबाहेर गेले होते. त्यामुळे डेट्रॉइटच्या तरुणांनी कालपरवापर्यंत वुडवर्ड अॅव्हेन्यूवर मिरवलेल्या मोटारी मिळेल त्या भावात विकायला काढल्या. त्या घेण्याइतके थोडे पैसे आणि पुरेसा अविचार एकाच ठिकाणी सापडत असे तो वर्ग म्हणजे आम्ही परदेशी विद्यार्थी. मुंबईच्या फियाटचे इंजिन 1089 सीसीचे असे. डस्टरच्या '340', म्हणजे 340 घन इंची, इंजिनाची क्षमता साडेपाच हजार सीसीच्या वर, म्हणजे एका बॉनेटखाली पाच फियाट. वडिलांना मी पत्रातून कळवले, की मोटार घेतली आहे, जुनी आहे आणि साधीच आहे. यांतली पहिली दोन विधाने खरी होती.

पुढे लग्न झाले, स्टेशन वॅगन आली आणि डस्टर गेली. आता तशीच दुसरी शोधू लागलो, तेव्हा पहिला अडथळा मिठाचा निघाला. डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची प्रचंड खाण आहे आणि हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून इकडच्या रस्त्यांवर मीठ पसरतात. मिशिगनमध्ये जी जी डस्टर पाहिली, तिने आयुष्यभर हे मीठ खाल्ले होते आणि नंतर मिठाने तिला खाल्ले होते. एका विक्रेत्याने 'तळ जरा पातळ झाला आहे' असे सांगितलेल्या मोटारीत बसलो, तर पायांखाली त्याच्या गॅरेजची फरशी दिसली, आणि तीही मोटारीपेक्षा बऱ्या अवस्थेत होती. अखेर ॲरिझोनाच्या वाळवंटातून एक सांगाडा मागवला. त्याला गंज अजिबात नव्हता; उंदरांनी मात्र मागच्या आसनात काही पिढ्या सुखाने वाढवल्या होत्या. इंजिनही सहा सिलिंडरचे, सोज्वळ. या मोटारींच्या चासी क्रमांकात इंजिनाचे अक्षर असते आणि '340' साठी तिथे 'एच' लागतो. माझ्या सांगाड्यावर तो नव्हता, त्यामुळे जाणकार मंडळी आधी तो क्रमांक वाचतात आणि मग माझ्याकडे, वधूपक्षाने पत्रिकेतला मंगळ लपवला असावा, तशा नजरेने पाहतात.

सुटे भाग मिळवणे हा छळाचा भाग असेल असे वाटले होते, पण झाले उलटेच. बंपरपासून मागच्या पत्र्यावरच्या चित्रापर्यंत सगळे काही कॅटलॉगमधून नवेकोरे घरपोच येते. या चित्रात धुळीची एक वावटळ डोळे वटारून पाहते आहे, आणि ते स्टिकर बुडबुडा न राहता चिकटवण्यासाठी मी पंचा, साबणाचे पाणी आणि पत्नीचा केस वाळवण्याचा पंखा घेऊन जी दुपार घालवली, तिच्याबद्दल घरात अजूनही एकवाक्यता नाही. कॅटलॉगमध्ये मिळत नाहीत ते दोष, आणि आमची डस्टर ओळखू यायची ती दोषांवरूनच. तिचा दुसरा गिअर घालताना ती खाकरत असे, तिचे घड्याळ कायम पावणेपाचच दाखवत असे आणि डावे वळण घेताच हॉर्न आपोआप वाजत असे. हे दोष आणायचे कुठून?

म्हणून जुन्या सोबत्यांची साक्ष काढली. तेव्हा आम्ही चौघे मराठी विद्यार्थी एकत्र राहत होतो आणि मोटारीवर चौघांचाही नैतिक हक्क होता. तिचा रंग पिवळा होता, म्हणजे प्लिमथच्या त्या वर्षीच्या रंगांच्या यादीतला 'लेमन ट्विस्ट', याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कॅलिफोर्नियातला सोबती म्हणाला, की ती पोपटी होती आणि मी तेव्हापासूनच कोणाचे ऐकत नव्हतो. ह्यूस्टनच्या मित्राला रंग आठवत नव्हता, पण पेट्रोलच्या वर्गणीतले माझ्याकडून येणे अचूक आठवत होते. एक छायाचित्र सापडले, तर त्या काळच्या छपाईच्या रिवाजाप्रमाणे ते इतके तांबूस झाले होते, की त्यात मोटार, मी आणि मिशिगनचे आकाश असे तिघेही नारिंगी होतो. शेवटी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "रंग राहू द्या. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नसे, तेवढं केलंत का?" मी मोटार पिवळी केली. दार उघडते.

खरा संघर्ष झाला तो मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून. एकदम वेग घेताना इंजिनाच्या पिळामुळे मागचे उजवे चाक उचलू पाहते, म्हणून शर्यतीसाठी मिळणारे क्रायस्लरचे, म्हणजे प्लिमथच्या मूळ कंपनीचे, मागचे पाटे डावे-उजवे सारखे नसतात. उजवे अधिक ताठ असतात. ते बसवल्यावर उभी मोटार उजवीकडून किंचित उंच दिसू लागली. हे शास्त्र आहे, असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे आणि तो सहानुभूतीने मान हलवत असे. शेजारच्या आजोबांनी तर एके सकाळी गुपचूप डाव्या चाकाची हवा तपासली.

डेट्रॉइटची जुनी पट्टी, जिथे 1959 आणि 1960 साली राष्ट्रीय स्पर्धा झाल्या होत्या, ती कधीच बंद झाली. म्हणून आम्ही मिशिगनमधल्याच मायलन गावाजवळच्या पट्टीवर गेलो. पूर्वी मागची चाके जागच्या जागी फिरवून टायर तापवण्यासाठी आम्ही त्यांच्याखाली कपड्यांचे ब्लीच ओतत असू, आणि त्यामुळे माझ्या सर्व विजारींवर पांढरे ठिपके होते. आता नुसते पाणी वापरतात. धूर तसाच निघतो, विजारी वाचतात. इथल्या शर्यतीची पद्धत मात्र मराठी स्वभावाला अतिशय मानवणारी आहे. आपल्या मोटारीला किती सेकंद लागतील ते आधीच काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचे, संथ मोटारीला तेवढ्या फरकाने आधी सोडायचे, आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोहोचणारा बाद. जिथे मोठी झेप घेणाऱ्याला शिक्षा होते, असा हा जगातला एकमेव मोटारींचा खेळ असावा.

मी काचेवर 15.20 लिहिले. शेजारच्या पट्टीत एक विजेवरची मोटार होती, मागच्या आसनावर बाळाची खुर्ची बांधलेली, आणि तिच्या काचेवर 12 च्या आतला आकडा. म्हणजे मला साडेतीन सेकंदांची आघाडी मिळणार होती. माझ्या बाजूचे तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरले, हिरवा लागला, दुसरा गिअर पडताना मोटार अगदी जुन्यासारखी खाकरली आणि मला इतका आनंद झाला, की ती विजेची मोटार केव्हा पुढे निघून गेली ते कळलेच नाही. चिठ्ठीवर डस्टरची वेळ 15.24 होती, मोटारीने आपला शब्द पाळला होता. त्याच चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत हिरवा दिवा लागल्यापासून मोटार हलेपर्यंतचा वेळ छापलेला असतो, आणि तो सव्वा सेकंद होता. पत्नीने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "अहो, हिरवा झाल्यावर कुणाची वाट बघत होतात?"