हेल्मेट घातलं की झालं? आधी हिशेब करा

"साइटवर वरून काही पडून लागलं तर चूक कामगाराचीच. हेल्मेट घाला, वरच्याने हाक मारली की बाजूला व्हा. हेल्मेट नसेल तर भरपाई मिळत नाही." हा मेसेज जुळे सोलापुरात सेंट्रिंगच्या कामावर जाणाऱ्या आमच्या भाच्यानेच पुढे पाठवलाय, म्हणून हे लिहावं लागतंय.

युरोपच्या ईएन 397 मानकात हेल्मेटवर 5 किलोचं वजन 1 मीटरवरून टाकून बघतात, म्हणजे सुमारे 49 ज्यूल. 3 किलोची वीट 12 मीटरवरून सुटली तर साडेतीनशे ज्यूल घेऊन येते. सातपट! आणि खांद्यावर पडली तर? खिळा, खडी, डोक्याला लागणारा पाइप यांपासून हेल्मेट वाचवतं, एवढं मान्य. तेही आतले पट्टे आणि कवच यांच्यात मोकळी जागा असेल तरच. तिथे तंबाखूची पुडी खोचली की धक्का थेट कवटीला.

हाक मारायची म्हणे! वीट दीड सेकंदात खाली येते, ताशी 55 किलोमीटर वेगाने. हाक ऐकून माणूस आधी वर बघतो. शिवाय परांचीच्या पाइपाला आपटून ती कुठेही उडते.

वीट पडते कारण परांचीच्या कडेला वीतभर उभी फळी नसते. विटांचा थर फळीच्या वर गेला तर जाळीच लागते. घमेलं काठोकाठ भरायचं नाही, हातोडा दोरीने बांधायचा, प्लेटा उतरवताना खालची वाट बंद ठेवायची. एप्रिल-मेच्या वावटळीत स्लॅबवरची सुटी प्लाय पतंगासारखी उडते, म्हणून काम सुटताना ती बांधायची. फळी, जाळी, दोरी आणून देणं ठेकेदाराचं काम आहे, बिगाऱ्याचं नाही.

भरपाईची थाप तर सगळ्यांत घातक, कारण ती ऐकून लोक दावाच करत नाहीत. 1923 च्या भरपाई कायद्यापासूनचा नियम असा: मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर कामगाराने सुरक्षेचा नियम मोडला ही सबब मालकाला चालत नाही. त्याहून कमी दुखापतीत चालते, पण तिथेही त्याने मुद्दाम मोडला हे दाखवावं लागतं. हेल्मेट दिलंच नसेल तर मोडलं काय?

हजेरीच्या पानाचा फोटो काढा आणि दवाखान्याच्या केसपेपरवर 'साइटवर वीट पडून' अशी नोंद पहिल्याच दिवशी करून घ्या. 'घरी पडला' असं लिहायला सांगणारेही भेटतात.